फ्रीबीएसडीसाठी संगणक घेताय? बिल होण्याआधी चिप तपासा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात उभं राहून “यावर फ्रीबीएसडी चालेल काय?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “चालतंय की सगळं!” दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर विंडोज असतं, फार तर उबुंटू लिनक्स; फ्रीबीएसडी ही त्यांच्यासारखीच, पण निराळी ऑपरेटिंग सिस्टिम. मशीन घरी येतं, इन्स्टॉलेशन बिनबोभाट होतं आणि मग कळतं की वाय-फाय नाही, स्क्रीन ढोबळ रिझोल्यूशनवर अडकलीय, लॅपटॉपचं झाकण मिटलं की उघडल्यावर सगळं काळं. तोवर विंडोज पुसलेलं असतं, खोका फाडलेला असतो आणि दुकानदार म्हणतो, आता परत घेता येणार नाही.

माझ्याकडे अशी मशीनं घेऊन येणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा क्रमातच असते. आधी खरेदी करतात, मग चालणाऱ्या हार्डवेअरची यादी शोधतात. आणि शोधतात तेही मॉडेलच्या नावानं. फ्रीबीएसडीला मॉडेलचं नाव कळत नाही. त्याला कळतो चिपचा आयडी. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये, अगदी एकाच लॉटमध्येसुद्धा, वाय-फाय कार्ड वेगवेगळ्या कंपन्यांचं निघू शकतं.

खालचा क्रम फ्रीबीएसडी १४ आणि १५ धरून आहे. ओपनबीएसडी या तिच्या भावंडालाही बराचसा लागू पडतो, पण तिथं एनव्हिडियाचं कार्ड पूर्ण वर्ज्य समजा आणि ब्लूटूथचा विषयच काढू नका. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

## टप्पा १: काम आधी, मशीन नंतर

कागदावर दोन रकाने करा. एकात या मशीनवर रोज काय करणार ते लिहा, दुसऱ्यात त्यासाठी कोणती उपकरणं जोडावी लागतील ते. दुसरा रकाना महत्त्वाचा, आणि तोच कुणी लिहीत नाही.

काही गोष्टी इथेच निकालात निघतात. टॅली विंडोजवरच चालतं. जीएसटी आणि ई-टेंडरसाठी लागणारी डिजिटल सहीची यूएसबी टोकनं, आधारवाली बोटांच्या ठशांची यंत्रं, ही सगळी विंडोज गृहीत धरून बनवलेली. मोठ्या एनव्हिडिया कार्डावर कूडा (कार्डावर आकडेमोड चालवण्याची एनव्हिडियाची प्रणाली) वापरून काही करायचा बेत असेल तर फ्रीबीएसडीवर थेट कूडा नाही. यातलं काहीही रोज लागणार असेल तर त्या कामाला जुनं विंडोज मशीन बाजूला राहू द्या. एकाच डिस्कवर दोन्ही बसवून सकाळ-संध्याकाळ रीबूट करणारे महिन्याभरात विंडोजवरच स्थायिक झालेले मी पाहिलेत.

दुसरं ठरवायचं ते मशीनचा प्रकार. उद्यमनगरातल्या कारखान्यात ड्रॉइंगच्या फायली ठेवायला सर्व्हर हवा असेल तर वाय-फाय, आवाज, लॅपटॉपची झोप (स्लीप), निम्मी डोकेदुखी आपोआप गळते. लॅपटॉप हवा असेल तर प्रत्येक टप्पा तुमच्यासाठी आहे. पहिल्यांदाच फ्रीबीएसडी बसवणाऱ्याला मी डेस्कटॉपच सुचवतो. ऑफिसांतून निघालेले छोटे ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर सेकंड-हँड बाजारात मिळतात, त्यांत बहुधा इंटेलचं नेटवर्क आणि इंटेलचंच ग्राफिक्स असतं.

थांबा: फार जुनं ३२-बिट मशीन फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. फ्रीबीएसडी १५ पासून ३२-बिट इंटेल मशीनांसाठी आवृत्तीच निघत नाही.

## टप्पा २: चिपचा आयडी काढायला शिका

हा टप्पा वगळलात तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

प्रत्येक पीसीआय उपकरणाला (म्हणजे मदरबोर्डाला आतून जोडलेल्या) दोन आकडे असतात: एक कंपनीचा, एक चिपचा. दुकानातल्या मशीनवर विंडोज चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडायला सांगा. “भाऊ, जरा डिव्हाइस मॅनेजर दाखवता काय?” एवढं पुरतं, कुणी नाही म्हणत नाही. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्समध्ये जाऊन वाय-फायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ येईल. तिच्यात ‘व्हेन’ या अक्षरांनंतर चार अंकी-अक्षरी कंपनी क्रमांक आणि ‘डेव्ह’ नंतर तसाच चिप क्रमांक. मोबाइलवर फोटो काढा. असंच डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर, तारेचं नेटवर्क आणि स्टोरेज कंट्रोलर यांचंही.

कंपनी क्रमांक पाठ झाले की दुकानातच अर्धा निकाल लागतो:

- ८०८६: इंटेल. पुढे जा.
- १००२: एएमडीचं ग्राफिक्स. पिढी बघायची.
- १०डीई: एनव्हिडिया. टप्पा ४ वाचून मग ठरवा.
- १०ईसी: रिअलटेक. तारेचं नेटवर्क असेल तर बरं, वाय-फाय असेल तर सावध.
- १४ई४: ब्रॉडकॉम. वाय-फायमध्ये दिसलं तर नमस्कार करा.
- १४सी३: मीडियाटेक. वाय-फायसाठी याच्या भरवशावर मशीन घेऊ नका.

मग घरी बसून तो आयडी बीएसडी-हार्डवेअर डॉट इन्फो या साइटवर टाका. लोकांनी आपापल्या मशीनच्या चाचण्या तिथं चढवलेल्या असतात. कोणत्या आवृत्तीवर कोणतं उपकरण चाललं ते दिसतं. त्यानंतर तिथं दिसलेल्या ड्रायव्हरचं (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचं) मॅन्युअल पान उघडून ‘हार्डवेअर’ हा भाग वाचा. त्यात चिपचं नाव असेल तर ठीक. “त्याच घराण्यातली आहे, चालेलच” ही आशा धरू नका.

तपासा: फोटोत दिसणारा आयडी तुम्ही घेणार त्याच नगाचा आहे ना? शोकेसमधल्या मशीनचा आयडी बघून गोडाऊनमधलं सीलबंद खोकं घरी आणणं ही नेहमीची चूक. शक्य असेल तर पाहिलेला नगच घ्या, आणि त्याचा सिरियल नंबरही फोटोत येऊ द्या.

## टप्पा ३: वाय-फाय

लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त रडगाणं इथलं, म्हणून इथं सावकाश.

सरळ सल्ला: इंटेलचं कार्ड घ्या. ८२६५, ९२६०, एएक्स२०० किंवा एएक्स२१० असेल तर पुढे जायला हरकत नाही. वेगाची अपेक्षा मात्र आवृत्तीवर ठरते. इंटेलच्या नव्या कार्डांचा आयडब्ल्यूएल-वायफाय हा ड्रायव्हर १४.३ च्या आधी जुन्या, मंद वाय-फायच्या वेगावरच चालायचा; ८०२.११ एन आणि एसी या वेगवान पद्धती त्याला १४.३ मध्ये मिळाल्या. कुणी सांगितलं की “माझ्याकडे चालतंय पण फार हळू”, तर आधी आवृत्ती विचारा. फायबरचं कनेक्शन असूनही डाउनलोड रेंगाळत असेल तर दोष केबलवाल्याचा नसतो.

लॅपटॉप सगळा पसंत आहे पण कार्ड रिअलटेक किंवा मीडियाटेक निघालं, तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट, कार्ड बदलणं. आजकालची बहुतेक कार्डं एम डॉट टू प्रकारची, अंगठ्याएवढी. मागचं झाकण उघडून एक स्क्रू आणि दोन अँटेना, एवढंच काम. पण त्याआधी तीन गोष्टी बघा:

1. कार्ड सुटं आहे की बोर्डवर सोल्डर केलेलं? पातळ लॅपटॉपमध्ये बरेचदा सोल्डर केलेलं असतं. तसं असेल तर ही वाट बंद.
2. नवं कार्ड पीसीआय प्रकारचं आहे ना? एएक्स२०१, एएक्स२११ आणि ९५६० ही दिसायला तशीच, पण ती इंटेलच्या ठरावीक चिपसेटबरोबरच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बसतील नीट आणि चालणार मुळीच नाहीत. ऑनलाइन मागवताना शेवटचा आकडा दोनदा वाचा: २०० आणि २१० हवं, २०१ आणि २११ नको.
3. बायॉसला (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) परकं कार्ड चालतं का? एक्स२३०, टी४३० या काळातल्या थिंकपॅडांत परवानगी असलेल्या कार्डांची यादी बायॉसमध्येच असते. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की मशीन सुरूच होत नाही.

दुसरी वाट, यूएसबी डोंगल. इथं खोक्यावरच्या नावाला आणखीनच कमी किंमत. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाखाली पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. लिनक्सवाले जुनी पहिली शोधत फिरतात. फ्रीबीएसडीचा आरटीडब्ल्यूएन ड्रायव्हर नंतरची रिअलटेकवाली ओळखतो. म्हणजे लिनक्सच्या मंचावरचा सल्ला जसाच्या तसा उचललात तर नेमकं उलटं घ्याल. खोक्यावर बारीक अक्षरात ‘व्ही’ आणि आकडा छापलेला असतो, तो बघून घ्या.

थांबा: “वायफायबॉक्स नावाची युक्ती आहे, त्यात कुठलंही कार्ड चालतं” असं कुणी सांगेल. ती आहे खरी: आत एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवून कार्ड त्याच्या ताब्यात द्यायचं. घेतलेल्या मशीनवर अडलात तर जरूर वापरा. पण ती युक्ती मनात धरून मशीन विकत घेऊ नका.

## टप्पा ४: ग्राफिक्स

फ्रीबीएसडीवर इंटेल आणि एएमडी ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधून (गाभ्यातून) आणलेले असतात आणि डीआरएम-केमॉड या नावाच्या पॅकेजातून मिळतात. पॅकेजच्या नावातला आकडाच सगळं सांगतो. ५१५ म्हणजे लिनक्स ५.१५ मधले ड्रायव्हर, ६१ म्हणजे ६.१, ६६ म्हणजे ६.६. लिनक्स ५.१५ आलं २०२१ च्या अखेरीस, ६.१ डिसेंबर २०२२ मध्ये, ६.६ ऑक्टोबर २०२३ मध्ये. तुमची चिप त्या तारखेनंतर बाजारात आली असेल तर त्या पॅकेजला ती ओळखीची नाही, विषय संपला.

म्हणून नियम सोपा: आपल्या आवृत्तीला कोणतं डीआरएम पॅकेज मिळतं ते आधी बघायचं, मग त्याच्या तारखेच्या निदान वर्षभर आधीची चिप घ्यायची. दुकानदार “हे या महिन्यातलं लेटेस्ट मॉडेल” म्हणाला की आपण हळूच मागच्या रांगेकडे वळायचं.

व्यवहारात याचा अर्थ असा. इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांतलं ग्राफिक्स निवांत चालतं. बारावी-तेरावी पिढी ६१ किंवा त्यापुढच्या पॅकेजावर. कोअर अल्ट्रा आणि आर्क कार्डं सध्या दुरूनच बघा. एएमडीत आरएक्स ५८० किंवा ६६०० सारखी कार्डं आणि रायझन २००० ते ५००० मधलं अंगचं ग्राफिक्स ठीक. २०२५ मधली आरएक्स ९०७० घेऊन ६६ च्या पॅकेजावर बसलात तर हाती चौकोनी अक्षरांचा कन्सोल राहील.

एनव्हिडियाची गोष्ट निराळी. कंपनी स्वतः फ्रीबीएसडीसाठी ड्रायव्हर देते, त्यामुळे डेस्कटॉपवर एकटं एनव्हिडिया कार्ड असेल तर बहुधा सुरळीत जमतं. अडचण दोन ठिकाणी. एक, स्वस्तातली जुनी कार्डं. जीटी ७१० ला ४७० मालिकेचा जुना ड्रायव्हर लागतो. जीटी ७३० तर एकाच नावानं दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिपांवर विकलं गेलंय. कुणाला ४७० लागतो, कुणाला त्याहून जुना ३९०. आयडी काढल्याशिवाय कुठलं हातात आलंय ते खुद्द दुकानदारालाही माहीत नसतं. दोन, गेमिंग लॅपटॉप. त्यात इंटेल किंवा एएमडीबरोबर एनव्हिडिया असतं, आणि दोघांत स्क्रीन कुणाच्या ताब्यात हा घोळ. अंगच्या ग्राफिक्सवर काम भागवता येतं, पण मग ज्या कार्डासाठी जास्त पैसे मोजले ते बॅटरी खात नुसतं बसून राहणार.

तपासा: आयडी → कोणत्या वर्षाची चिप → आपल्या आवृत्तीला मिळणारं डीआरएम पॅकेज. हे तीन दुवे जुळत नसतील तर पुढचा टप्पा वाचू नका, दुसरं मशीन बघा.

## टप्पा ५: तारेचं नेटवर्क

हा भाग लोक गृहीत धरतात. इंटेलची चिप असेल तर गृहीत धरलेलं चालतं. रिअलटेकची जुनी एक गिगाबिटवाली, म्हणजे ८१११ किंवा ८१६८, मूळ आरई ड्रायव्हरवर चालते. फसवतं ते नव्या बोर्डांवरचं अडीच गिगाबिटचं आरटीएल८१२५. जुन्या आरई ड्रायव्हरच्या यादीत ते नाही, आणि १४ वर त्यासाठी रिअलटेक-आरई-केमॉड हे वेगळं पॅकेज लागतं. पॅकेज उतरवायला नेटवर्क हवं, नेटवर्कला पॅकेज हवं. आता बसा.

यावर उतारा तुमच्या खिशातच आहे. अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की फ्रीबीएसडी बहुतेक फोनांना नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतं. यूई० या नावाचं इंटरफेस दिसतं, त्यावर डीएचक्लायंट (नेटवर्कचा पत्ता मागून घेणारी आज्ञा) चालवायचं. पहिली पॅकेजं यातून उतरवा. डेटा पॅक मात्र आधी बघून घ्या. ग्राफिक्स आणि डेस्कटॉपची पॅकेजं मिळून काही जीबी सहज जातात.

## टप्पा ६: डिस्क आणि रॅम

एनव्हीएमई किंवा साटा एसएसडी, कुठलीही घ्या. अडचण डिस्कची नसते, बायॉसची असते. अनेक तयार मशीनांत स्टोरेज इंटेलच्या रेड, आरएसटी किंवा व्हीएमडी मोडमध्ये येतं आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. लोक लगेच “डिस्क खराब निघाली” म्हणून दुकानात परत. बायॉसमध्ये जाऊन तो मोड एएचसीआय करा.

थांबा: विंडोज ठेवणार असाल तर हा मोड बदलल्यावर ते सुरू होणं बंद होऊ शकतं. आणि विंडोज ११ वर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. की आधी मिळवून कागदावर लिहा. फ्रीबीएसडीच्या तयार इन्स्टॉलरसाठी सिक्युअर बूट बंद करावंच लागतं.

डिस्कवर फायली मांडायच्या दोन पद्धती आहेत, झेडएफएस आणि यूएफएस. रॅम ८ जीबी असेल तर झेडएफएस बिनधास्त. ४ जीबीचं जुनं मशीन असेल तर यूएफएस निवडा, वाद घालू नका.

फायली ठेवायचा सर्व्हर बनवणाऱ्यांना दोन गोष्टी. हार्डडिस्क एसएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) नको. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही, पण एक डिस्क बदलून झेडएफएस नव्या डिस्कवर डेटा भरायला लागलं की ती रांगायला लागते, आणि नेमक्या त्याच काळात दुसरी डिस्क जाण्याची भीती असते. कंपनीच्या डेटाशीटमध्ये सीएमआर असं स्पष्ट लिहिलेलीच डिस्क घ्या. दुसरं, जुन्या सर्व्हरमधून निघालेलं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र करून एकच म्हणून दाखवणारं) “फुकट देतो” म्हणून कुणी देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात; मध्ये रेड कार्डचा अडसर नको.

## टप्पा ७: आवाज, झोप, ब्लूटूथ

स्पीकर बहुधा चालतात. लॅपटॉपचा आतला माइक नव्या इंटेल मशीनांत बहुधा चालत नाही, कारण तो वेगळ्या डिजिटल प्रोसेसरमागे असतो. ऑनलाइन मीटिंगा करणार असाल तर साधा यूएसबी हेडसेट घ्या आणि विषय मिटवा.

झोप म्हणजे झाकण मिटल्यावरचं वागणं. फ्रीबीएसडीला एस३ ही जुनी पद्धत नीट येते. नव्या लॅपटॉपांत ती काढून ‘मॉडर्न स्टँडबाय’ आलंय, तिथं गाडी अडते. काही थिंकपॅडांच्या बायॉसमध्ये ‘स्लीप स्टेट’ या नावाखाली लिनक्स असा पर्याय असतो. तो निवडला की एस३ परत मिळतं. खरेदीआधी तो पर्याय आहे का ते बायॉसमध्ये शिरून बघाच.

ब्लूटूथ हेडफोन सोडून द्या. फारच हवेत तर स्वतःला यूएसबी साउंडकार्ड म्हणून दाखवणारे डोंगल मिळतात, जोडणी डोंगलच सांभाळतो. बोटाच्या ठशानं लॉगिनचीही आशा नको.

## टप्पा ८: प्रिंटर आणि यूपीएस

आपल्याकडच्या दर दुसऱ्या ऑफिसात कॅनन एलबीपी२९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० असतोच. दोन्ही दणकट, दोन्ही इथं त्रासदायक. कॅननचा तो प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो आणि फ्रीबीएसडीसाठी कंपनीचा ड्रायव्हर नाही. एचपी १०२० ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम) पाजावं लागतं. फू२झेडजेएस पॅकेजनं ते जमतं, पण ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाला समजावत बसावं लागेल. नवा प्रिंटर घेणार असाल तर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा एअरप्रिंट लिहिलेला, नेटवर्कवर जोडता येणारा घ्या. कप्स (छपाई सांभाळणारा प्रोग्राम) त्याच्याशी वेगळ्या ड्रायव्हरशिवायच बोलतं.

यूपीएसच्या बाबतीत दुकानदार फक्त व्हीए विचारतो. तुम्ही मागच्या बाजूला यूएसबी पोर्ट आहे का ते बघा. तो असेल तर एनयूटी हे पॅकेज बॅटरी संपत आली की मशीन सावकाश बंद करू शकतं. वळवाच्या पावसात संध्याकाळी लाइट गेली आणि कारखान्यात कुणी नाही, अशा वेळी त्या पोर्टाचे पैसे वसूल होतात. पोर्ट नसलेला यूपीएस सर्व्हरला नुसता वेळ काढून देतो, बंद करत नाही.

## टप्पा ९: दुकानात पेनड्राइव्हची चाचणी

आता दोन पेनड्राइव्ह तयार करा. एकावर फ्रीबीएसडीची मेमस्टिक इमेज (पेनड्राइव्हवर लिहायची तयार फाइल), दुसऱ्यावर नोमॅडबीएसडी किंवा घोस्टबीएसडी, जी इन्स्टॉल न करता थेट डेस्कटॉप दाखवते. इमेज रुफस या विंडोजच्या प्रोग्रामनं लिहिणार असाल आणि त्यानं विचारलं तर डीडी मोड निवडा. नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्ह बूट होत नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

दुकानात जाण्याची वेळ सकाळची निवडा. संध्याकाळी गर्दीत कुणालाही तुमच्यासाठी बायॉस उघडायला वेळ नसतो. आधीच सांगा: “आतलं काही पुसणार नाही, फक्त पेनड्राइव्हवरून चालवून बघतो.” सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागेल, तेही सांगा, बिटलॉकर चालू असलेल्या मशीनवर परवानगीशिवाय हात लावू नका.

क्रम असा:

1. मेमस्टिकवरून बूट करा. पहिल्या मेनूत लाइव्ह सिस्टिम निवडा, रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून शिरा, पासवर्ड नाही.
2. पीसीआयकॉन्फ ही आज्ञा एल आणि व्ही या पर्यायांसह चालवा. प्रत्येक उपकरणाच्या ओळीची सुरुवात बघा. ‘ईएम०’ किंवा ‘एनव्हीएमई०’ असं असेल तर ड्रायव्हर चिकटलाय. ‘नन१’, ‘नन२’ असं असेल तर त्या उपकरणाला ड्रायव्हर मिळालेला नाही. खालच्या ओळीत उपकरणाचं नाव असतं. नेटवर्क किंवा वाय-फाय ‘नन’मध्ये असेल तर गंभीर. सेन्सर किंवा एसएमबसच्या ओळी ‘नन’ असल्या तरी काही बिघडत नाही.
3. ग्राफिक्स इथं ‘व्हीजीएपीसीआय०’ असंच दिसेल. त्यावरून काही ठरवू नका, खरा ड्रायव्हर अजून आलेलाच नाही.
4. सिसकंट्रोल या आज्ञेनं ‘नेट डॉट डब्ल्यूलॅन डॉट डिव्हायसेस’ विचारा. वाय-फायचं नाव आलं तर चांगलं. फर्मवेअर नाही अशी तक्रार आली तरी घाबरू नका, ते नंतर उतरतं.
5. त्याच पद्धतीनं ‘एचडब्ल्यू डॉट एसीपीआय डॉट सपोर्टेड-स्लीप-स्टेट’ विचारा. उत्तरात एस३ आहे का?
6. आता दुसरा पेनड्राइव्ह. डेस्कटॉप पूर्ण रिझोल्यूशनवर आला का, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होतं का, ब्राइटनेस बदलतो का, स्पीकर आणि हेडफोन दोन्हींतून आवाज येतो का.
7. बंद करण्याआधी पहिल्या आज्ञेचं सगळं उत्तर फोटोत घ्या, स्क्रीन सरकवत.

सेकंड-हँड डेस्कटॉप घेताना आणखी एक, खास आपल्या गावचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात सखल भागातली बरीच यंत्रं पाण्याखाली गेली, आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आलेलं मशीन बाहेरून चकाचक दिसतं. कॅबिनेटचं झाकण काढायला लावा. पॉवर सप्लायच्या जाळीतून टॉर्च मारून पंख्यामागे सुकलेल्या गाळाचा पिवळट थर दिसतो का बघा. बोर्डाच्या स्क्रूंच्या डोक्यांवर गंज, यूएसबीच्या खाचांत हिरवट बुरशीसारखा थर, ही दुसरी खूण. असं मशीन आज सुरू होईल, येत्या पावसाळ्यात रडवेल. कितीही स्वस्त असलं तरी सोडा.

## टप्पा १०: बोलणी आणि बिल

चाचणी करू दिली नाही तर दोन अटी घाला: वाय-फाय कार्ड बदलून मिळेल की नाही ते आधी बोला, आणि परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. तोंडी “आणा की परत, बघू” याला अर्थ नाही. बिलावर मॉडेलबरोबर सिरियल नंबर असू द्या. झाकण उघडल्यास वॉरंटी जाते का, हेही त्याच वेळी विचारा. एसएसडी किंवा कार्ड बदलायचं असेल तर ते त्यांच्याच हातून करून घेणं सोपं.

## टप्पा ११: घरी आल्यावर, याच क्रमानं

विंडोज पुसायची घाई करू नका. आधी त्यावरूनच बायॉस अपडेट करा. बऱ्याच कंपन्यांचं अपडेट करणारं साधन फक्त विंडोजवर चालतं, आणि झोपेच्या, बॅटरीच्या अर्ध्या तक्रारी त्यानं जातात. मग बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद, स्टोरेज एएचसीआय, स्लीप स्टेटचा पर्याय असेल तर तो. मग इन्स्टॉलेशन.

त्यानंतर नेटवर्क आधी उभं करा, तारेनं किंवा फोननं. १४ पासून फर्मवेअर उतरवायला एफडब्ल्यूगेट ही आज्ञा आहे, ती चालवा. मग सिस्टिमचे अपडेट. ग्राफिक्स सगळ्यात शेवटी.

इथं हमखास होणारी चूक: ग्राफिक्सचा ड्रायव्हर लोडर डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत टाकणं. जुन्या लेखांत तसं दिलेलं असतं, आणि मग बूट होतानाच स्क्रीन काळी. तो आरसी डॉट कॉन्फ या फाइलीतल्या केएलडी-लिस्टमध्ये जायला हवा. इंटेलसाठी आय९१५केएमएस, नव्या एएमडीसाठी एएमडीजीपीयू. त्याही आधी एकदा केएलडीलोड या आज्ञेनं तो हातानं लोड करून बघा. स्क्रीन गोठली तर रीबूट केलं की झालं, फाइल बिघडलेली नसते. आपला युजर व्हिडिओ गटात टाकायला विसरू नका. ड्रायव्हर ठीक असूनही सगळं मंद चालतंय या तक्रारीचं कारण बरेचदा हेच निघतं.

तपासा: प्रत्येक पायरीनंतर रीबूट करून बघा, मग पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं, तर कोणती नडली ते शोधण्यात रविवार जातो.

सगळं जागेवर बसलं की एचडब्ल्यू-प्रोब हे पॅकेज घालून चाचणी बीएसडी-हार्डवेअर डॉट इन्फोवर चढवा. पुढच्या खरेदीदाराला तुमचा आयडी तिथं सापडेल.

झेडएफएस निवडलं असेल तर प्रत्येक मोठ्या अपडेटआधी बीई-कंट्रोल या आज्ञेनं नवं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची परत जाता येईल अशी प्रत) बनवून ठेवा. १४.२ वरून १४.३ सारख्या उडीनंतर ग्राफिक्सचं पॅकेज नव्या कर्नलशी न जुळण्याचे प्रकार होतात. तसं झालं तर लोडरच्या मेनूतून जुनं एन्व्हायर्नमेंट निवडा, काम चालू ठेवा आणि डीआरएमचं नवं पॅकेज आलं की पुन्हा अपडेट करा.